हळदीच्या बोटांचं पुस्तक

बाजारपेठेच्या एका गावात धर्माशेट नावाचे कापडवाले राहत. कापडाच्या पारखीत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पुस्तकांशी मात्र छत्तीसचा आकडा! वाचनाचं वेड होतं ते त्यांच्या बायकोला, गिरिजाबाईंना. सगळा गाव त्यांना काकू म्हणे. काकू वारल्या आणि शेटजींना घर खायला उठलं. मग त्यांनी ठरवलं, काकूंच्या नावानं वाचनालय काढायचं. लोकांनी पुस्तकं न्यावीत, वाचावीत, काकूंची आठवण काढावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुकानामागच्या खोलीत कपाट आलं. पण पुस्तकं निवडायची कशी? शेटजींना ठाऊक होती ती कापडाची रीत. मळलेला तागा पुढे मांडायचा नाही, मान कोऱ्या घडीला. तीच रीत त्यांनी इथं लावली. काकूंची तेलकट, कान दुमडलेली पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि शहरातून सोनेरी अक्षरांची जाडजूड पुस्तकं आणली. कपाट कसं नवरीसारखं नटलं.

लोक आले, वाहवा करून गेले. पुस्तक मात्र कुणी नेईना. दोन महिने गेले. शेटजी रोज धूळ झटकत आणि मनातून खट्टू होत.

एक दिवस शिवणकाम करणारी चंद्रभागा आली. ती नेहमी काकूंकडून पुस्तकं न्यायची. कपाट वरपासून खालपर्यंत पाहून तिनं विचारलं, "काका, हळदीच्या बोटांची पुस्तकं कुठं आहेत?"

शेटजींना आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. काकू स्वयंपाक करता करता वाचायच्या. गोष्ट रंगली की हात पुसायचंही भान राहायचं नाही. म्हणून ज्या पुस्तकात हळद जास्त, ते चंद्रभागा आधी मागून घ्यायची.

"मळकी म्हणून मी ती माळ्यावर टाकली गं," शेटजी ओशाळून म्हणाले.

"काका, कोरी घडी दुकानात शोभते. घरात मळतं ते रोज अंगावर असलेलं लुगडं."

शेटजींनी लगेच पोतं खाली काढलं. हळदीचे डाग पडलेलं एक पान उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा गोष्ट वाचायला बसले. गिऱ्हाईक दारात हाका मारून निघून गेलं, यांना पत्ताच नाही. काकूंची बोटं जिथं थांबली होती, तिथं त्यांना रडू आलं.

पुढे काकूंची पुस्तकं कपाटात आली, आणि नवं पुस्तक आणायचं झालं की ते आधी वाचणाऱ्यांना विचारू लागले. आता कपाट निम्मं रिकामं असतं आणि शेटजी त्याच्याकडे समाधानानं बघतात.

तात्पर्य: पुस्तक निवडावं ते वाचणाऱ्याकडे पाहून, नुसतं कपाटाला शोभेल म्हणून आणलेलं पुस्तक कपाटातच राहतं.