काटक्यांचा ढीग

फार वर्षांपूर्वी सागाच्या रानात हत्तींच्या कळपाची धुरा तरण्या रेवतीकडे आली. त्याच उन्हाळ्यात ओंडके कोसळून पाणवठ्याची वाट बुजली. रेवतीने सगळ्यांना एकदम ओढायला लावलं, तसे ओंडके आणखीच अडकले. पिल्लं तहानेने कळवळू लागली.

म्हाताऱ्या गोदाक्काने रेवतीपुढे काटक्यांचा ढीग रचला. म्हणाली, "एकेक काढ. बाकीच्या हलता कामा नयेत."

ढीग चारदा कोसळला. मग रेवती थांबली आणि कोणती काटकी कशावर टेकली आहे ते निरखू लागली.

ओंडक्यांपाशी परतून तिने वरच्या ओंडक्यापासून कळपातल्या एकेकाला काम नेमून दिलं. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली.

पहिलं सोंडभर पाणी रेवतीने गोदाक्काला आणून दिलं.

"आक्का, कुठला ओंडका आधी उचलायचा ते तूच सांगितलं असतंस, तर फक्त आजची वाट मोकळी झाली असती."