सातव्या टाकीची चव

वाईनरीची सातवी टाकी धुवायला उतरलेला पुंजाराम आतल्या वायूने गुदमरून मेला. मालक तात्यासाहेबांनी पोलिसांना सांगितलं, “ती टाकी यंदा भरलीच नव्हती, मग वायू कुठला? गडी दारू पिऊन पडला.”

महिन्याभराने त्यांच्या बंगल्यावर पाहुणे जमले, त्यांत इन्स्पेक्टरही होते. कागदात गुंडाळलेल्या चार रेड वाईन चाखून सरस कोणती ते ठरवायचं होतं. बाटल्या गुंडाळल्या होत्या घरकामाला असलेल्या हौसाने, पुंजारामच्या बायकोने.

तिसरा पेला चाखून तात्यासाहेब गरजले, “हिच्यापुढे पाच हजारांची विदेशी बाटली पाणी आहे! ही आपली, यंदाची, सातव्या टाकीतली. माझी जीभ कधी चुकत नाही!”

हौसाने पदर सावरला. “इन्स्पेक्टरसाहेब,” ती म्हणाली, “एवढं लिहून घ्या.”