धुवायचे राहिलेले पाय

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मुलांच्या आईबापांनो, तुम्हीही जरा जवळ सरका, कारण गोष्ट खरी तुमचीच आहे.

डोंगरापलीकडच्या एका गावात प्रभू येशूला मानणाऱ्यांची मंडळी होती, त्यांचं एक बैठं देऊळ होतं आणि एक रीत होती. मुलगा सोळा वर्षांचा झाला की शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर एखाद्या गरीब म्हाताऱ्या माणसाचे पाय धुवायचे. प्रभूने आपल्या शिष्यांचे धुतले, तसेच. त्यानंतरच त्याला प्रभुभोजनाच्या मेजाशी, म्हणजे प्रभूच्या आठवणीने सगळे मिळून भाकरीचा तुकडा खात तिथे, जागा मिळायची.

मंडळीच्या कारभाऱ्याला एक मुलगी होती आणि तिच्या पाठीवर झालेला एक मुलगा. मुलाला पवित्र शास्त्रातली वचनं घडाघडा पाठ. पाय धुण्याचा तो सगळा प्रसंग तो डोळे मिटून म्हणायचा. पाहुणे माना डोलवायचे आणि कारभाऱ्याची छाती फुगायची.

आणि घरी काय चालायचं? संध्याकाळी रानातून आला की हा पठ्ठ्या ओट्यावर बसून चिखलाचे पाय पुढे करायचा. बहीण तव्यावरची भाकरी तशीच टाकून तांब्या घेऊन धावायची. तीही दिवसभर त्याच रानात राबलेली असायची. तिचे पाय कोण धुतं, हे कुणी विचारलं नाही.

आईला हे खुपायचं. लेकाला निदान स्वतःचं ताट तरी उचलू द्या, असं ती एकदा म्हणाली. कारभारी उखडला. तो वंशाचा दिवा आहे, खरकटी काढायला जन्मला नाही, उद्या घराचं नाव तोच चालवणार. नाव चालवणार म्हणे! ज्याला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, तो नाव काय उचलणार? पण घरात वाद नको म्हणून आई गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा पुढे तिला स्वतःचाच फार राग आला.

मुलगा सोळा वर्षांचा झाला आणि पाय धुण्याचा तो गुरुवार उजाडला. देऊळ माणसांनी भरलं. पाण्याची परात मांडली, तिच्यापाशी चौरंग ठेवला. त्या वर्षी मान होता शेरडं राखणाऱ्या एका म्हातारीचा. जन्मभर अनवाणी चाललेली बाई, टाचांच्या भेगांत मोडलेले काटे. आपले पाय कुणी धुणार या कल्पनेनेच ती लाजून अर्धी झाली होती. काठी टेकत ती हळूहळू पुढे येत होती.

मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांनी मुलाला बोलावलं. मुलगा आला. समोर परात, जवळ रिकामा चौरंग. तो चौरंगावर बसला आणि त्याने दोन्ही पाय पुढे केले.

सगळं देऊळ हसलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याचे देवळात दिसले. त्याने थट्टा केली नव्हती. परात दिसली आणि सवयीने पाय गेले, इतकंच. याहून वाईट म्हणजे, त्याची बहीणही सवयीनेच उठून परातीकडे निघाली होती.

आई हसली नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं.

पाळकसाहेबांनी मुलाला हळूच समजावलं. त्याने म्हातारीच्या पायांकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे बायकांचं काम आहे," तो म्हणाला आणि तडक निघून गेला.

कारभारी मुलावर चिडला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? तो चिडला पाळकसाहेबांवर. भर देवळात पोराचा अपमान केला, त्याच्याइतकी वचनं इथे कुणाला येतात, त्याला मेजाशी जागा दिलीच पाहिजे, असं तो तावातावाने बोलू लागला. तेव्हा आई उभी राहिली.

"अहो, वचनं त्याला तुम्हीच शिकवलीत आणि पाय पुढे करायलाही तुम्हीच शिकवलंत. मी नुसती बघत राहिले. दोष दोघांचा आहे. पण आजपासून आपल्या घरात त्याला कुणी पाणी देणार नाही."

इकडे म्हातारी पदराने पाय झाकू पाहत होती. "जाऊ द्या बाई, माझं पायच मेलं वंगाळ," असं पुटपुटत ती काठी टेकत निघून गेली. ज्याने लाजायचं तो ऐटीत गेला आणि माफी मागितली कुणी, तर तिने.

आई शब्दाला जागली. कारभाऱ्याने महिनाभर अबोला धरला, तरी ती बधली नाही. सुरुवातीला मुलगा पायांचा चिखल वाळेपर्यंत ओट्यावर बसून राही. मग स्वतःचं पाणी स्वतः घेऊ लागला. मग ताट उचलू लागला. वाईट सवय एका दिवसात जात नाही. तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी बहीण रानातून दमून आली, तेव्हा कुणी न सांगता त्याने तिच्या पायांवर पाणी घातलं.

त्याच आठवड्यात तो पाळकसाहेबांकडे गेला. मला त्याच आजीचे पाय धुवायचे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत, असं त्याने सांगितलं.

पाळकसाहेब म्हणाले, "बाळ, तिला माती देऊन दोन महिने झाले."

पुढे दुसऱ्या एका म्हाताऱ्याचे पाय धुऊन त्याला मेजाशी जागा मिळाली. पण भाकरीचा पहिला तुकडा हातात धरून तो, ती म्हातारी काठी टेकत गेली होती त्या दाराकडे बघत राहिला, आणि मागे बसलेला कारभारी मान खाली घालून रडत होता.

म्हणून सांगतो: वचन मुलाच्या तोंडात घालून भागत नाही, ते वेळेवर त्याच्या हातांना शिकवावं लागतं.