नगारेवाल्याचा माठ

एका डोंगराच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं. बाजार एवढा मोठा, की नवखा माणूस आत शिरला की हरवलाच. म्हणून येणारा प्रत्येक जण आधी वेशीवरच्या नगारेवाल्याला विचारी, "दादा, घोंगडी कुठं मिळेल? गूळ कुणाचा चांगला?" तो सांगेल तिकडे लोक जात. दुकानदार त्याला दर बाजाराला शेरभर ज्वारी देत आणि तो नगारा वाजवून पाळीपाळीने सगळ्यांचा माल पुकारी. त्याचा कान मोठा तिखट. नुसत्या आवाजावरून तो नगाऱ्याचं कातडं ओलं की सुकं ते सांगे.

पुढे त्याच्या मनात आलं, सगळं गाव आपल्याच तोंडाकडे बघतं, मग आपलंच दुकान का नको? त्याने मेहुण्याला चाकावर बसवलं आणि माठ विकायला काढले. मेहुण्याला भट्टी पेटवता येई, पण धीर धरता येत नसे.

त्याच गावात एक कुंभारीण होती. आजवर सगळे तिचेच माठ नेत. आता नगारा सकाळपासून एकच सांगू लागला, "माठ घ्यावा तर नगारेवाल्याचाच!" कुंभारणीचा माल तो पुकारी भर दुपारी, बाजार उठल्यावर. तिने एका शेराचे दोन शेर केले. त्याने तेही घेतले, आणि पुकारलं दुपारीच!

उन्हाळा सरत आला, तरी तिच्या अंगणातल्या उतरंडी तशाच. माठ खपले नाहीत तर चाक विकून दुसऱ्याच्या दारी राबावं लागणार होतं. शेवटच्या मोठ्या बाजाराला ती एक माठ घेऊन थेट वेशीवर गेली आणि भर गर्दीत म्हणाली, "दादा, तुमच्या कानाची कीर्ती पंचक्रोशीत आहे. तुमचाही एक माठ मागवा. डोळे बांधा, दोन्हींवर टिचकी मारा आणि चांगला कुठला ते तुम्हीच पुकारा. माझा हरला तर आजच चाक मोडते."

नगारेवाला हसला. आपल्या माठांवर त्याने जन्मात टिचकी मारली नव्हती. रोज कौतुक करून करून त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

डोळ्यांवर पट्टी बांधली. पहिल्या माठावर टिचकी पडली. भद्द! दुसऱ्यावर पडली. टण्ण!

"ऐका हो ऐका!" नगारेवाल्याने दणादणा नगारा बडवला. "असा खणखणीत माठ सात गावांत नाही. हा माझाच! आणि तो पहिला अगदी कच्चा. पाणी भराल तर घरात तळं होईल."

पट्टी सुटली. खणखणीत माठाच्या गळ्याशी कुंभारीण आपल्या प्रत्येक माठावर उमटवी तो अंगठ्याचा ठसा होता.

"अरे बाबा," एक म्हातारी ओरडली, "तुझ्या तळ्यात आम्ही महिनाभर पोहतोय!"

असा हशा पिकला म्हणता! लोक कुंभारणीच्या अंगणाकडे धावले आणि दुपारच्या आत उतरंडी रिकाम्या झाल्या. तिच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. गावाने नगारेवाल्याला बजावलं, "नगारा ठेव, नाहीतर दुकान. दोन्ही नाही." त्याने मान खाली घालून दुकान मोडलं आणि नगारा राखला.

टिचकी मारलेला तो खणखणीत माठ मात्र कुंभारणीने पाणी भरून वेशीवरच ठेवला. आता कुणी विचारलं, "दादा, माठ कुणाचा चांगला?" तर नगारेवाला त्या माठाकडे बोट करतो आणि म्हणतो, "माझ्या नगाऱ्यावर जाऊ नका. आधी टिचकी मारून बघा."

तात्पर्य: सगळ्यांना वाट दाखवणाऱ्याने त्याच वाटेवर आपलं दुकान थाटू नये, आणि थाटलंच, तर गिऱ्हाइकाने त्याचा माल वाजवून घ्यावा.