तबकातलं चित्र आणि शाईचं चित्र

लहानांनो, थोरांनो, ऐका. खूप खूप मागे, कुठल्याशा डोंगराळ राज्यात, नागोजी नावाचा एक छायाचित्रकार राहत होता.

तो माणसांची चित्रं काचेवर टिपायचा. काचेवर सगळं उलटं उमटायचं. गोरा चेहरा काळा, काळे केस पांढरे. मग अंधारखोलीत, तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात, तो त्या काचेतून खास कागदावर प्रकाश सोडायचा आणि कागद औषधाच्या तबकात बुडवायचा. हळूहळू पाण्यातून चेहरा वर यायचा. लोक म्हणत, "नागोजीच्या चित्रातला काळा रंग विहिरीसारखा खोल असतो."

येसू ही त्याची धाकटी बहीण. ती त्याच्याच हाताखाली शिकली. पण औषधांनी तिच्या हातांची सालं निघायला लागली, तेव्हा ती परराज्यातून शाईचं यंत्र घेऊन आली. ते काचेवरचं चित्र वाचायचं आणि साध्या कागदावर शाईचे बारीक थेंब टाकत तेच चित्र काढायचं.

नागोजीने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"माझ्या तबकात चित्र उमलतं, येसू. तुझं यंत्र नुसती शाई थुंकतं."

"दादा, एकदा नीट बघ तरी."

"बघितलं. राखेसारखं आहे."

येसूने बोचकं बांधलं आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. भावाबहिणीचं बोलणं तुटलं.

एका श्रावणात डोंगर खचला. पायथ्याची वाडी दरडीखाली गेली. जी माणसं शेतावर होती तेवढी वाचली. घाटाचा रस्ताही बंद झाला.

त्या वाडीतल्या सगळ्यांची चित्रं नागोजीने जत्रेत टिपली होती. काचा त्याच्याकडे जपून ठेवलेल्या होत्या. वाचलेली माणसं त्याच्या दारात आली. "घर गेलं ते गेलं. आमच्या माणसाचं तोंड तेवढं द्या."

नागोजी कामाला लागला. कुणाकडून काही घेतलं नाही. पण त्याचा कागद घाटापलीकडून यायचा, आणि होता तो संपत चालला. शिवाय त्याची नजर अधू झाली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचा कागद उरला तेव्हा ठकूबाई आली. तिचा नवरा सुभाना दरडीत गेला होता. ती अंधारखोलीच्या दाराशी बसून राहिली.

आत तबकात सुभानाचा चेहरा वर आला. तांबड्या उजेडात नागोजीला वाटलं, अजून जरा गडद व्हायला हवा. तो थांबला, आणि जास्तच थांबला. बघता बघता डोळे बुडाले, गाल बुडाले. कागद काळाठिक्कर झाला.

तो बाहेर आला. "ठकूबाई, कागद संपला. माझ्या डोळ्यांनी दगा दिला."

ठकूबाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "डोळे मिटले की दरडच दिसते, बाबा. त्यांचा चेहरा आठवेनासा झालाय मला."

नागोजी परत आत वळला. मग सुभानाची काच त्याने फडक्यात गुंडाळली. "चला," म्हणाला, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला.

येसूने दार उघडलं. काच पाहिली, ठकूबाईला पाहिलं. "आत ये, दादा." आणि तिने काच हातात घेतली.

यंत्रातून पहिलं चित्र निघालं. करडं, निर्जीव. नागोजीच्या ओठांवर जुनंच बोलणं आलं होतं, पण त्याआधी येसूच म्हणाली, "कपाळाखालची सावली मेलीय. डोळ्यांत जीव नाही. हे चालायचं नाही." आणि तिने ते फाडून टाकलं.

नागोजी चमकला. हे तर त्याचे शब्द! असंच रागावून त्याने तिची किती चित्रं फाडली होती.

तिने पुन्हा काढलं, पुन्हा फाडलं. नागोजीने पुढचा कागद उचलून खिडकीशी धरला. तांबड्या दिव्याखाली जे त्याला दिसत नव्हतं, ते इथे उन्हात स्वच्छ दिसत होतं.

"गालावर अंधार जास्त झालाय. तिथे मी..."

"तिथे तू प्रकाश सोडताना हाताची सावली धरायचास, म्हणजे तेवढा भाग उजळ राहायचा. ठाऊक आहे, दादा."

दोघं शेजारी बसून काम करत राहिली. तो सांगायचा, ती यंत्राला समजवायची. अखेर मनासारखं चित्र निघालं. त्यातला काळा तबकातल्या काळ्याइतका खोल नव्हता. पण पागोट्याच्या सावलीतली चुणी न् चुणी दिसत होती.

"माझ्या काळ्यात ह्या चुण्या बुडाल्या असत्या," नागोजी हळूच म्हणाला.

ठकूबाईने चित्र हातात घेतलं. कितीतरी वेळ बघत राहिली. "हसू यायच्या आधी हे असेच ओठ दाबायचे," म्हणाली, आणि दरड कोसळल्यापासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

डोळे पुसून तिने विचारलं, "कुणाच्या पाया पडू?"

"हिच्या," नागोजी म्हणाला. "यंत्र हिचं, मेहनत हिची."

"त्याच्या," येसू म्हणाली. "नजर त्याची. मी नुसती वापरली."

ठकूबाई दोघांच्याही पाया पडली.

त्यानंतर वाडीतल्या उरलेल्या सगळ्यांना आपापल्या माणसाचं चित्र मिळालं. पुढे घाट मोकळा झाला, कागद आला. मग अंधारखोली आणि यंत्र एकाच छपराखाली राहू लागली, आणि भाऊबहीणही. कुणी दोन्ही चित्रं शेजारी धरून विचारलं, "ह्यात सरस कुठलं?" तर नागोजी खरं तेच सांगायचा. "पाण्यातलं मला अजूनही जवळचं वाटतं. पण शाईचं नसतं, तर ठकूबाई रिकाम्या हाताने परतली असती. देवाने मला ही बहीण दिली, हे माझं भाग्य."

तात्पर्य: ज्याने वाट दाखवली त्याचे उपकार विसरू नयेत, आणि जो ती वाट पुढे नेतो त्याचेही मानावेत.