तिवरखोऱ्यातला धूर

“ही धुनी चूल म्हणून मोजायची की नाही, महाराज?”

निंबाजीने घोड्यावरूनच विचारलं. नाथपंथाचा ‘आदेश’ म्हणून रामराम नाही, नमस्कार नाही.

गैबनाथ महाराज धुनीतलं लाकूड पुढे सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण मोजतंय?”

“देशसभा.”

“सभेला थंडी वाजते का रे?”

निंबाजी हसला नाही. बरोबरचा शिपाई सटवा हसला, आणि धनी हसत नाही असं दिसल्यावर त्याने त्याचा खोकला केला.

हा निंबाजी तरुणपणी याच धुनीपाशी राहिलेला. लाकडं फोडायचा, राख चाळायचा, महाराजांचे पाय चेपायचा. एके दिवशी म्हणाला, नुसती राख चाळून मुलखाचं काय भलं होणार? आणि उठून गेला तो गेलाच. पुढे सभासद झाला. बुद्धी होतीच त्याला, ती काही खोटी नाही.

आता ही सभा म्हणजे काय, तर गावोगावच्या पाटलांनी, शेट्या-महाजनांनी मिळून बसवलेली. राजा कोणाचं ऐकेना, तेव्हा त्यांनी राजालाच नदीपलीकडे घालवला. राजाने पलीकडे फौज उभी केली, यांनी अलीकडे. मुलूख एक, बोली एक, सोयरीकसुद्धा एकमेकांत. आणि मधे नदी.

राजाजवळ खजिना होता. सभेजवळ बसायच्या बैठका होत्या, एवढंच. पहिल्या साली सभेने मागितलं आणि लोकांनी हौसेने दिलं. बायांनी हंडे-घागरी दिल्या तोफा ओतायला. पायातली जोडवी काढून दिली. दुसऱ्या साली तेच हात आखडले.

माणसांचंही तसंच. प्रत्येक गावची टोळी आपल्या पाटलाच्या हाताखाली लढायची. जीव तोडून लढायची, पण आपल्या शिवेपर्यंत. राजाचे लोक शिवेबाहेर गेले, की शिवेच्या दगडाला नारळ फोडायचा, भाला खांद्यावर टाकायचा आणि घरी जायचं. राजाचे लोक मग शेजारच्या गावात शिरायचे. त्या गावाने त्याचं बघून घ्यावं.

तेव्हा निंबाजी सभेत उभा राहिला. म्हणाला, टोळ्या मोडा. एकच फौज करा, सभेची. सभेची भाकर, सभेचा पगार, आणि शीव म्हणून कुठलीच नाही. जो सभेत बसेल त्याने तलवार खाली ठेवावी, फौजेला हुकूम सोडू नये. जो तलवार धरेल त्याने सभेत येऊ नये. खर्चाला चुलीमागे दर बाजाराला धान्य, आणि चुलीमागे एक माणूस.

सगळ्यांना पटलं. सभासदांच्या स्वतःच्या चुली माफ केल्या होत्या, त्यामुळे लवकर पटलं.

पण लोक काय करायचे, तीन भाऊ वेगळे राहत असले तरी एकच चूल सांगायचे. निंबाजीने त्यावरही तोड काढली. दिवेलागणीला टेकडीवर उभं राहायचं आणि धूर मोजायचे. माणसाला विचारूच नका, म्हणायचा, धुराला विचारा.

आदल्या दिवशी त्याने तिवरखोऱ्याचे धूर मोजले होते. एक घर सुटलं नव्हतं. दोनदा भरती होऊनही गाव असं भरलेलं! त्याला उकळ्या फुटल्या. त्याने टेकडीवरूनच निरोप धाडला: नदीच्या उतारावर, जिथून पायी पलीकडे जाता येतं तिथे, तिवरखोऱ्याची माणसं येताहेत. त्या भरवशावर सभेने उतारावरची जुनी तुकडी उठवून दुसऱ्या घाटात पाठवली.

उतारावर उरला निंबाजीचा मुलगा मैराळ, आणि त्याच्याबरोबर मूठभर पोरं. बाप सभेत बसला म्हणून तलवार मुलाकडे गेलेली. एकुलता एक; बाप-लेकाखेरीज घरात कोणी नाही. समोर राजाची सगळी फौज.

“लोकांना बाहेर बोलवा, महाराज,” निंबाजी म्हणाला. “आत्ता निघाले तर उजाडताना उतारावर पोचतील. नाहीतर माझं पोर...”

“तूच बोलव.”

“बोलावलं. दारं उघडी आहेत, ओ कोणी देत नाही.”

“सरकार, घरात कोणी नाहीच,” सटवा म्हणाला. “मी आत शिरून पाहिलं. चुलीतली राख ऊन आहे, हे बघा बोट भाजलं. आणि जात्यावर कोळिष्टकं. राख ऊन आणि जात्यावर कोळिष्टकं! माझं तर टाळकंच चालत नाही. भूत असतं तर निदान ओरडलं तरी असतं.”

“लपलेत. स्वयंपाकाला येतात आणि घोडा दिसला की रानात पळतात.” निंबाजी महाराजांकडे वळला. “सभेचा हुकूम ठाऊक आहे ना? माणूस लपवील त्या घराचं छप्पर उतरवायचं. लाकूड फौजेला.”

“ठाऊक आहे. आणि ज्या घरातून धूर निघत नाही, त्याचंही.”

“ओस घराचं लाकूड कुजू द्यायचं?”

“खरं आहे... कशाला कुजू द्यायचं.”

महाराज उठले. एक मोठी खापरी घेतली, धुनीतले निखारे चिमट्याने तिच्यात भरले, आणि गावाकडे चालू लागले.

दिवस डोंगराआड चालला होता. निंबाजी घोड्यावरून उतरला आणि त्यांच्या मागे निघाला. सटवा म्हणाला, घोडा धरायला कोणीतरी हवंच. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पहिलं घर. महाराज चुलीपुढे बसले. निखारा ठेवला, वर गोवरीचा तुकडा ठेवला आणि फुंकर मारली. धूर छपरातून वर गेला.

“शेवंता, पेटली गं.”

रिकाम्या घराला असं सांगून ते उठले.

“ही शेवंता कुठे आहे?” निंबाजीने विचारलं.

“थोरला तुझ्या फौजेत गेला. धाकट्याला पलीकडच्यांनी नेलं, त्यांचं दारामागे एक असतं. नांगर धरायला कोणी राहिलं नाही. बियाणं होतं, ते बाजाराच्या दिवशी सभेने मापून नेलं.”

“आणि ती?”

“मग गावात ताप आला.”

दुसरं घर.

“धोंडबा, पेटली रे.”

“हा?”

“तुझ्या पहिल्या भरतीत.”

तिसरं घर. “सखू, पेटली गं.” निंबाजीने विचारलं नाही.

चौथ्या घरातही विचारलं नाही. बाहेर चिमणीसुद्धा नव्हती. नुसते धूर, एकापुढे एक, सरळ वर चाललेले.

तिवरखोऱ्यात एक रीत होती. घर सोडून लांब जायचं झालं, तर चुलीतला एक निखारा धुनीत आणून ठेवायचा. परत आल्यावर धुनीतला उचलून घरी न्यायचा. म्हणजे घरची चूल विझली असं होत नाही. फौजेत जाणाऱ्यांनी तसा ठेवला. पुढे तापात पडलेल्या बायांनीही ठेवला. ज्यांना चालवेना, त्यांनी महाराजांना दारात हाक मारून दिला.

निंबाजीला ही रीत ठाऊक होती. धुनीपाशी राहायचा तेव्हा त्यानेच कितीकांचे निखारे हातात घेतले होते. पण सभेत बसल्यावर कुठलं आठवतंय.

तो वाटेतच थांबला.

“म्हणजे काल मी मोजले ते...”

“बरोबर मोजलेस.”

“महाराज, मी सभेला शब्द दिलाय! तितकी माणसं येतील म्हणून. उतार मोकळा केलाय त्यांनी!”

“मग गेली असतील.”

“कोण?”

“सभेने बोलावलं ना? चुलीमागे एक.”

निंबाजीने महाराजांची वाट अडवली.

“थट्टा करू नका.”

“भरती कशी करायची ते तू सभेत सांगितलंस. सोडायचं कधी, तेही सांगितलं असशील.”

“लढाई संपली की सोडायचं.”

“आणि ज्याची संपली, त्याला?”

निंबाजी मागे वळून धुरांकडे बघू लागला.

“सांग ना. तू हुशार.”

दोघे शेवटच्या घरापाशी आले.

तिथे महाराज उंबऱ्याबाहेरच थांबले. आत चूल आधीच पेटलेली होती. जाळ एका बाजूला वाकत होता, पुन्हा सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. वारा तर कुठेच नव्हता. चुलीपुढे फुंकणी पडलेली, आणि ती जमिनीवर हळूहळू डुलत होती... आत्ताच कोणी हातातून खाली ठेवावी तशी.

“ही कोण पेटवतं?” निंबाजीने विचारलं.

“मलाही ठाऊक नाही. रोज माझ्याआधी पेटलेली असते. मी इथूनच परत फिरतो.”

एवढ्यात टापा वाजल्या. उतारावरचा स्वार होता. घोड्याच्या तोंडाला फेस आलेला. सटवा त्याच्यामागून धावत आला, एकट्याला तिथे उभं राहवेना म्हणून.

“सरकार! उतार राखला!” स्वार म्हणाला. “तिवरखोऱ्याची माणसं वेळेवर आली. दुपारीच.”

सटव्याने आ वासला.

“राजाची फौज पाण्यात उतरली होती, सरकार. आमची चकमक उडाली, आम्ही मागे रेटले गेलो. तेवढ्यात ही माणसं काठाशी पाण्यात येऊन उभी राहिली. नुसती उभी. शिंग नाही, आरोळी नाही. राजाचे घोडे भर पाण्यातून फिरले ते थांबलेच नाहीत. त्यांच्यातले काही तर यांची तोंडं बघून दादा दादा करत रडायला लागले.”

“मग?”

“मग काही नाही. अजून उभी आहेत. भाकरी समोर ठेवली, ती तशीच आहे. पाय पाण्यात आहेत, पण पाणी त्यांच्याभोवती हलत नाही. आणि सगळी एकच विचारतात, सरकार. एका आवाजात. घरी चूल पेटली का?”

सटवा महाराजांच्या मागे जाऊन उभा राहिला.

“आणि मैराळ? त्याचा निरोप काय आहे?”

स्वार लगामाशी चाळा करत राहिला.

“बोल ना! मैराळचा निरोप काय?”

“निरोप नाही, सरकार. धाकटे सरकार त्यांच्याच ओळीत उभे आहेत. मी हाक मारली, जवळ जाऊन मारली. बघितलं नाही त्यांनी. भाकरीलाही हात लावला नाही.”

चुलीतला जाळ वाकला, सरळ झाला.

निंबाजी महाराजांच्या पायावर कोसळला.

“सोडा त्यांना, महाराज. सगळ्यांना सोडा. मी सोडतो, मी सभासदच त्यांना सोडतो म्हणून सांगा. माझं पोर मला परत द्या.”

“सभासदाने फौजेला हुकूम सोडू नये,” महाराज म्हणाले. “तूच ठरवलंस ना?”

“मग मी काय करू? विझवू का सगळ्या चुली? विझवल्या तर सुटतील का ती?”

“सुटतील.”

“आणि मैराळ?”

महाराजांनी खापरी त्याच्यापुढे धरली. तळाशी एकच निखारा उरला होता. त्याच्यावर राखेचा पापुद्रा धरत होता.

निंबाजीने खापरी दोन्ही हातांत घेतली. चटका बसला, तळवे भाजले, पण त्याने ती सोडली नाही. मग त्याने खाली वाकून फुंकर मारली. राख उडाली, डोळ्यांत गेली. निखारा लाल झाला.

“घरं तर सगळी झाली, महाराज...” तो म्हणाला. “हा कोणाचा उरला?”

महाराज नदीच्या दिशेला बघत होते.

“तुझ्या घरची चूल आज कोणी पेटवली, निंबा?”