आधीच घातलेलं मीठ

खूप जुन्या काळातली गोष्ट आहे. किती जुन्या, ते विचारू नका. तेव्हाही माणसं जेवत होती आणि जेवता जेवता भांडत होती, एवढं कळलं तरी पुरे.

एका राज्याच्या टोकाला, खाडीच्या काठी, मीठ पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. भरतीचं पाणी वाफ्यांत अडवायचं, उन्हाने ते आटलं की खाली उरलेलं मीठ लाकडी फावड्याने ओढायचं, हा त्यांचा धंदा. त्या गावातल्या एका घरात म्हातारा, त्याची म्हातारी, मुलगा, सून आणि लहानगी नात राहत होती.

गावाची एक रीत होती. गाव मिठाचं, पण चुलीवरच्या भांड्यात कुणी मीठ घालत नसे. कालवण अळणीच शिजे. सगळे गोल करून जेवायला बसत आणि मिठाची करवंटी हातोहात फिरे. आपलं मीठ आपण घ्यायचं नाही. शेजारच्याने वाढायचं, आणि वाढण्याआधी विचारायचं, “आज काय झोंबलं?” ज्याला विचारलं त्याने दिवसभरातलं काहीतरी सांगायचं. अंगाला लागलेलं सांगा, नाहीतर मनाला लागलेलं सांगा. सांगितलं की चिमूट ताटात पडे. नाही सांगितलं तर अळणी खा.

मुलगा कधी कंटाळून म्हणे, आज काही झोंबलं नाही. मग म्हातारी त्याला सुनवी, “तर गीळ तसंच. एवढ्या भाग्यवानाला मीठ कशाला?” की तो हसत हसत काहीतरी सांगून टाके. नातीचं उत्तर ठरलेलं. आज आजा झोंबला. कारण बांधावरून पळताना आजाने तिला रागे भरलेलं असे. सून नवी आली तेव्हा पहिल्या जेवणाला तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी कशीबशी म्हणाली, की इथल्या पाण्याला माहेरच्या पाण्याची चव नाही. मीठ वाढता वाढता सासूचेही डोळे भरले. पुढे त्या दोघींत भांडणं पुष्कळ झाली, पण परकेपण कधी राहिलं नाही.

म्हातारा मात्र अबोल. न विचारता आपलं दुखणं सांगणं म्हणजे भीक मागणं, असं त्याला वाटे. पण कुणी विचारलं तर तो खोटं बोलत नसे. त्याच्या उजव्या हाताला सून बसे. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी ती पोर, चिमटीत मीठ घेऊन विचारी, “मामंजी, आज काय झोंबलं?” आणि मग तो थोडंसं बोले. धाकटा भाऊ खाडीत बुडाला तेव्हा आपण काठावर उभे होतो, हे त्याने जन्मभर बायकोला सांगितलं नव्हतं. चिमूटभर मिठासाठी ते त्याने सुनेला सांगितलं.

एके वर्षी राजाने गावोगाव मायावी आरसे पाठवले. दाराएवढा आरसा, भिंतीला टेकवून ठेवायचा. ऊन कललं की त्यात दूरदूरचं दिसू लागे, ऐकूही येई. कुठल्याशा दरबारातली भांडणं, कुस्त्या, लग्नाच्या वराती. राजाने ही भेट का दिली ते त्यालाच ठाऊक. प्रजा भिंतीकडे बघत बसली की राजवाड्याकडे कमी बघते, एवढं मी म्हणेन.

त्या आरशात एक राणी होती. तिचा नवरा लढाईवर गेलेला, सवतीने तिचा छळ मांडलेला. नेमकी जेवायच्या वेळी तिची रडकथा सुरू होई. घरातली माणसं गोल मोडून रांगेत बसू लागली, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. करवंटी अजून फिरे, पण आता तिची अडचण होऊ लागली. कुणी कुणाला विचारू लागलं की तिसरा शुक् करून गप्प बसवी. उत्तर देणारा भराभर काहीबाही सांगून मोकळा होई.

आणि एक दिवस सुनेने मीठ भांड्यातच घातलं.

सुनेला नावं ठेवणं सोपं आहे. गावाने पुढे ती ठेवलीही. पण त्या दिवशी सगळ्यांनी ते कालवण मिटक्या मारत खाल्लं, हे कुणी सांगत नाही. सासू म्हणाली, बरं केलंस बाई, कटकट गेली. नवरा म्हणाला, हे आधीच कसं सुचलं नाही. म्हातारा तेवढा पहिल्या घासाला थांबला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आरशाच्या उजेडात ती तोंडं ओळखीची असून अनोळखी दिसत होती. मग त्यानेही खाली मान घालून जेवून घेतलं.

मिठाचा हंगाम ऐन भरात आला. वाफ्यात फावडं ओढताना कालवाचा धारदार शिंपला म्हाताऱ्याच्या तळपायात खोल घुसला. त्याने शिंपला उपसला, चिंधी बांधली आणि पुन्हा त्याच पाण्यात उभा राहिला. खारं पाणी सगळ्या जखमा भरून काढतं, अशी मिठागरातल्या माणसांची समजूत असते. ही जखम भरली नाही. पाय सुजला. मग काळानिळा झाला. मग घोट्यावरून एक लाल रेघ वर चढू लागली, आणि जन्मात कशाला न भ्यायलेला तो म्हातारा घाबरला.

घरी येताना त्याने मनाशी शब्द जुळवून ठेवले. सून विचारील, मग आपण सांगू, की पाय बरा दिसत नाही, वैद्याला बोलवा. एवढंच सांगायचं होतं. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

जेवायला बसल्यावर त्याने आपलं ताट सुनेकडे सरकवलं. म्हणाला, “सूनबाई, मीठ.”

तिने आरशावरची नजर काढली नाही. “घातलंय मामंजी. भांड्यातच आहे.”

त्याने ताट मागे ओढून घेतलं.

त्या दिवशी आरशातल्या राणीला नवरा लढाईत पडल्याची बातमी आली. घरात सगळ्यांनी अश्रू ढाळले. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला, आणि तिच्या शेजारी तिचा स्वतःचा नवरा तापाने कुडकुडत बसला होता.

पुढे एका सकाळी म्हाताऱ्याला अंथरुणातून उठताच येईना. मुलाने पांघरूण काढलं, पाय पाहिला आणि वैद्याकडे धावला. वैद्याने नाडी धरली, पाय पाहिला आणि मुलाला बाहेर नेऊन सांगितलं, की विष आता पायात नाही, सगळ्या अंगात भिनलंय. आधी दाखवलं असतं तर माणूस हाती लागला असता.

भ्यायलेलं माणूस रागावतं, तसा मुलगा आत येऊन बापावर रागावला. “बा, एका छपराखाली राहतो आपण. एक शब्द तरी बोलायचास.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“कुणी विचारलंच नाही रे,” तो म्हणाला.

दाराशी उभ्या सुनेने ते ऐकलं. ती आत धावली, करवंटी घेऊन आली, उशाशी बसली. चिमटीतलं मीठ तिच्या बोटांतून अंथरुणावर सांडत होतं. तिने विचारलं, मामंजी, काय झोंबतंय, सांगा ना. म्हाताऱ्याने तोंड उघडलं. पण तापाने जीभ जड झाली होती, शब्द येईना. दुपार व्हायच्या आत तो गेला.

मुलाने आरसा खाडीत नेऊन बुडवला. बुडवल्याने काय व्हायचं होतं?

दुखवट्याला म्हाताऱ्याची थोरली बहीण लांबच्या गावाहून चालत आली. गुडघे गेलेली, पाठ वाकलेली. भावाची कित्येक वर्षांत गाठ नव्हती. ओसरीवर बसून तिने पाणी घेतलं आणि विचारू लागली. अलीकडे तो काय काय बोलायचा? माझी आठवण काढायचा का? भूक लागायची? झोप यायची? मनात कसली काळजी होती का?

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. मुलाने बायकोकडे पाहिलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या राणीचं विचारलं असतं तर पहिल्या आसवापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगितलं असतं.

बहीण म्हणाली, “एवढ्या लांबून आले गं मी. माझा भाऊ कसा होता, एवढं तरी सांगा. नुसत्या नावाला कशी रडू?”

तिने काठी उचलली आणि आली तशी, न रडताच, उन्हातून परत निघाली.

तात्पर्य : एकमेकांना विचारायची रीत ज्या घरात मोडते, त्या घरातलं माणूस मरायच्या आधीच हरवलेलं असतं.